निळ्या फुलाची ताटं

"खांदा खाली," नानाय म्हणाली. "तू घरातून निघालीयस. परीक्षेला बसलेली नाहीस."

मी खांदा खाली घेतला. माझ्या उजव्या हातात तिच्या मुलीची, रोवेनाची, कापडी बॅग होती आणि वजन यावं म्हणून तिच्यात तांदूळ भरले होते. डावा हात दाराच्या चौकटीवर. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलापलीकडे प्लायवुडच्या मोठ्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर नानाय ब्रश पुसत बसली होती.

"आता जास्तच खाली गेला," टेबलापाशी शेंगा मोडत बसलेली तिया बेलेन म्हणाली. ही नानायची नणंद, तिया म्हणजे आत्या. "आता ती निघालेली वाटत नाही. हाकललेली वाटते."

"तू शेंगा मोड."

"मोडतेय. तोंड कुठे लागतंय त्याला?"

हे फिलिपिन्समधलं, मनिलाच्या दक्षिणेला मोठ्या सरोवराच्या काठावर असलेल्या एका गावातलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. जवळच्या भात संशोधन केंद्रात मी दोन वर्षांसाठी गेले होते. माझं काम शिजलेल्या भाताचं. कोणत्या वाणाचा भात मऊ होतो, कोणता गार झाल्यावर कडक होतो, आणि का. चिपळूणला माझ्या आईला याचं फार हसू यायचं. "भात शिजवायला एवढ्या लांब?" ती म्हणायची.

मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते त्या घराची मालकीण रेमेदिओस. गाव तिला नानाय मेदिंग म्हणायचं. नानाय म्हणजे आई. तिथे मोठ्यांशी बोलताना वाक्यात आदराचा एक शब्द घालतात, मीही घालायची. पण मराठीत बोलले असते तर तिला 'अगं' म्हणाले असते, म्हणून इथे तसंच लिहिते.

नानाय चित्रं काढायची आणि फक्त बायकांची काढायची. गुडघाभर चिखलात भात लावणाऱ्या, मासे धुरावर धरणाऱ्या, धुण्याचं टोपलं डोक्यावर घेतलेल्या, फुगीर बाह्यांचे जुन्या पद्धतीचे झगे घालून चर्चला निघालेल्या. सगळ्या गावातल्याच. मासेवाली इस्का एकदा नाकावरून तिच्याशी भांडायला आली होती. "तुझं नाक मी जसंच्या तसं काढलंय," नानाय म्हणाली होती. "तीच तर तक्रार आहे," इस्का म्हणाली होती. नानायच्या चित्रांतल्या बायका अनवाणी असायच्या आणि त्यांचे पाय मोठे असायचे. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लहान पायांवर बाई उभी कशी राहील?"

भरतकाम करणाऱ्या बायकांच्या संघाने नवा हॉल बांधला होता. त्याच्या भिंतीसाठी त्यांनी नानायला चित्र सांगितलं होतं. विषयही त्यांनीच दिला होता, पाग-आसा, म्हणजे आशा. मे महिन्यात गावची जत्रा, त्या दिवशी हॉल उघडायचा होता.

चित्र बरंच पुढे गेलं होतं. लांब टेबल, त्याच्याभोवती जेवायला बसलेल्या बायका. उजवीकडे दार, आणि दारातून बॅग घेऊन निघालेली, मागे वळून पाहणारी एक तरुण बाई. तिचे खांदे माझे होते आणि मनगटही माझं होतं. चेहऱ्याच्या जागी नुसता मातकट रंग होता.

"चेहरा कधी?" मी विचारलं.

नानायने ओठ पुढे करून त्या मातकट जागेकडे दाखवलं. तिथे बोटाने दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात. "रोवेना आली की. जत्रेला येईल, इथे उभी राहील, तेव्हा. आठवणीतून काढलेला चेहरा गोड होतो. मला गोड नको."

रोवेना तिची एकुलती एक मुलगी. मी यायच्या थोडं आधी ती आखातातल्या एका शहरात घरकामाला गेली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात तिचा रविवारी फोन यायचा. नाताळनंतर आला नव्हता.

"मालकीण फोनला हात लावू देत नसेल," बेलेन दर रविवारी म्हणायची.

"येईल," नानाय म्हणायची आणि केस विंचरून बसायची.

त्या दुपारी ब्रश चालवता चालवता तिने मला विचारलं, "तू निघालीस तेव्हा तुझ्या आईने काय केलं?"

"हातावर दही घातलं."

"आणि?"

"मी पोचल्याचा फोन जाईपर्यंत घरात केर काढला नाही. माणूस घरातून निघालं की लगेच केर काढत नाहीत आमच्याकडे. तिने दोन दिवस काढला नाही."

बेलेन हसली. "आणि तू शास्त्र शिकलेली."

"मी शिकलेय. आई नाही."

"मग पोचलीस ना?"

"पोचले."

नानायचा ब्रश थांबला होता. "दोन दिवस," ती म्हणाली. मग तिने मला बॅग खाली ठेवायला सांगितली. त्या दिवशी तिने पुढे काही काढलं नाही.

त्या घरात एक नियम होता. सगळ्यांचं जेवून होईपर्यंत टेबलावरून कुणी उठायचं नाही. सकाळी केंद्रात माझे तांदळाचे नमुने भिजत पडलेले असायचे, बाहेर ट्रायसिकलवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, हॉर्न वाजवायचा, पण मी उठायला लागले की नानाय माझं मनगट धरायची. "सगळ्यांचं होऊ दे." बेलेन मुद्दाम एकेक शीत चावत बसायची आणि माझ्याकडे पाहून भुवया उडवायची.

"हा तुरुंग आहे," ती मला एकदा भांडी विसळताना म्हणाली. "रोवेना गेल्यापासूनचा. त्याआधी या घरात लोक मांजरांसारखे जेवायचे. दोन घास खाल्ले की पसार."

मला तो शिस्तीचा प्रकार वाटला. केंद्राच्या उपाहारगृहात मी वेगळंच काही पाहिलं होतं. बरोबर जेवणारी कुणी मध्येच उठून गेली की माझ्या प्रयोगशाळेतल्या मुली बोलता बोलता आपापलं ताट टेबलावर थोडं फिरवायच्या आणि पुन्हा जेवायला लागायच्या. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी कधी विचारलं नाही.

नानायकडची ताटं पांढरी होती आणि प्रत्येकाच्या कडेला एकच निळं फूल होतं. टेबल मांडताना फूल ती नेहमी वरच्या बाजूला, जेवणाऱ्यापासून लांब ठेवायची. चित्रातही तीच ताटं होती, पण फुलं वाटेल तिथे. एकीच्या डाव्या हाताशी, एकीच्या पोटाशी, एकीच्या कोपराखाली. फक्त टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या बाईच्या ताटाचं फूल वर होतं. मला अशा गोष्टी सुटत नाहीत.

"नानाय, ताटं चुकलीयत," मी म्हटलं. "हे एकच बरोबर आहे."

तिने चित्राकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "तेच एक चुकलंय."

मग ती रंग घोटत बसली.

फोन आला तो रविवारीच, मार्च महिन्यात. दुकानातली पोर धावत आली, "नानाय, फोन, लांबचा." नानाय पायात चपला न घालता गेली. बेलेनने टेबल पुसायला घेतलं. "बघ, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली, आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

नानाय परत आली ती सरळ चुलीपाशी गेली. तांदूळ पातेल्यात घेतले आणि धुवायला लागली.

"काय म्हणाली?" बेलेनने विचारलं.

"ती नव्हती. एजन्सीची कुणी बाई होती."

"मग?"

नानायने धुवण ओतून दिलं आणि दुसरं पाणी घेतलं. "रोवेना येतेय. शुक्रवारी."

"जत्रेच्या आधीच?"

"पेटीतून येतेय," नानाय म्हणाली.

तांदळावर बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवायची रीत तिथेही आहे, आमच्यासारखीच. तिने मोजायला बोट पाण्यात घातलं आणि तसंच ठेवलं. बेलेन खाली बसली होती आणि तिच्या तोंडून आवाज येत होता. नानाय पातेल्यात बोट घालून उभी होती. शेवटी मी जाऊन तिचा हात बाहेर काढला. पाणी बरोबर पेराएवढं होतं.

न्यूमोनिया झाला होता असं त्यांनी सांगितलं होतं. याहून जास्त कुणीच कधी सांगितलं नाही.

पेटी आली. दिवाणखान्यातल्या खुर्च्या हलवून तिथे ठेवली. तिथे दफनाआधी बरेच दिवस माणसाला घरात ठेवतात. लोक येतात, बसतात, खातात, पत्ते खेळतात, घर रिकामं राहू देत नाहीत. पेटीच्या काचेतून रोवेनाचा चेहरा दिसत होता. माझ्याच वयाची असावी. नानायने वाकून पाहिलं.

"पावडर जास्त लावलीय," ती म्हणाली. ती रडली नाही. काचेवर आसू पडू द्यायचे नाहीत असंही तिथे मानतात, पण ती त्यासाठी थांबली होती असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरभर पानं आणि शेंगदाण्यांची टरफलं पडली होती. मी केरसुणी उचलली. बेलेनने ती माझ्या हातातून घेतली. "पेटी घरात असेपर्यंत केर काढायचा नाही."

"आमच्याकडेही नाही काढत," मी म्हटलं. "माणूस निघाल्यावर. पोचेपर्यंत."

"मग तुला कळेल," बेलेन म्हणाली, आणि केरसुणी दारामागे उलटी करून ठेवली.

संघाच्या अध्यक्षबाई आल्या. त्या चांगल्या बाई होत्या. काचेशी उभं राहून त्यांनी प्रार्थना म्हटली, मग स्वयंपाकघरात येऊन चित्राकडे पाहिलं आणि नानायला हळूच म्हणाल्या, "चित्र राहू दे आता. पुढच्या वर्षी लावू."

"राहू दे कशाला," मागून कुणीतरी म्हणालं. "चेहराच तर राहिलाय. आता मुलगी घरात आहे."

नानायने त्या मातकट जागेकडे पाहिलं. "झोपलेल्या बाईचा चेहरा निघालेल्या बाईला लावायचा?" ती म्हणाली. तिने पलंगपोस आणून चित्रावर टाकला.

पेटीबरोबर एक मुलगी आली होती, नेनिता. आखातात ती रोवेनाच्याच इमारतीत दुसऱ्या घरी कामाला होती आणि दोघी एका खोलीत झोपायच्या. तिचं स्वतःचं गाव आणखी दक्षिणेला होतं. दफनाला थांबायची तिची इच्छा होती, पण तिची आई आजारी होती. तिला बस धरायची होती.

त्या सकाळी टेबलाभोवती आम्ही पुष्कळ जणी होतो. शेजारणी, इस्का, बेलेन, मी. टोकाला नानाय. सुकी मासळी आणि लसूण घालून परतलेला भात होता. नेनिताचं ताट अर्धंही झालं नव्हतं तेव्हा बाहेर हॉर्न वाजला. ती उठली. मी नानायच्या हाताकडे पाहिलं. तो पुढे झाला नाही.

"बस जाईल माझी," नेनिता म्हणाली.

सगळ्या बायकांनी आपापली ताटं फिरवली. न बोलता, न पाहता, जसं पदर सारखा करावा तसं. उपाहारगृहातल्या मुली करायच्या तेच. मीही माझं फिरवलं. निळी फुलं सगळीकडे विखुरली आणि मला पलंगपोसाखालचं चित्र आठवलं. टेबलाच्या टोकाच्या ताटाचं फूल वरच होतं. नानायचे हात मांडीवर होते.

नेनिता दारात थांबली. तिने तेवढं पाहिलं. "नानाय, माझ्यासाठी नाही फिरवणार?" ती म्हणाली. "रोवेनासाठी फिरवलं होतंत ना."

बेलेनने मान खाली घातली.

"कुणी सांगितलं?" नानायने विचारलं.

"तिनेच. सगळ्यांना सांगायची." नेनिताने बॅग खाली ठेवली. "आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं ना, जाऊ नकोस म्हणून. आणि सकाळी गाडी लवकर आली. ती घास टाकून उठली, तुम्ही मान वर केली नाहीत. तिला वाटलं, आता ही ताटसुद्धा फिरवणार नाही. पण ट्रायसिकल वळताना तिने घराच्या खिडकीतून आत पाहिलं. तुमचा हात ताटावर होता. तुम्ही ताट फिरवत होतात. 'आईचा राग एवढाच असतो,' म्हणायची. आमच्यातली कुणीही जेवताना कामावर निघाली की ही ताट फिरवायची आणि हे पुन्हा सांगायची. आम्हाला पाठ झालं होतं." ती थोडी हसली. "इस्पितळातसुद्धा."

"इस्पितळात काय?"

"तिथलं ताट गोल नव्हतं. कप्प्याकप्प्यांचं, चौकोनी. मी उठले की ती पडल्या पडल्या तेच फिरवायची. नीट फिरायचं नाही. रस्सा सांडायचा."

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. नानायने मांडीवरचे हात वर घेतले, ताटाची कड दोन्ही बाजूंनी धरली आणि ताट फिरवलं. फूल तिच्या पोटाशी येऊन थांबलं.

"जा," ती म्हणाली. "नीट जा."

नंतर भांडी घासताना बेलेनने मला दोन वाक्यांत सांगितलं. जेवताना कुणी उठून निघालं तर मागे बसलेल्यांनी ताटं फिरवायची. नाहीतर निघालेल्याला वाटेत काही होतं.

"रोवेना गेली तेव्हा तू होतीस?" मी विचारलं.

"मी बाजारात होते," बेलेन म्हणाली. "असते तर माझं तरी फिरवलं असतं."

दफन झालं. घराचा केर काढला. दुसऱ्या दिवशी बेलेन चर्चला गेली असताना नानायने मला हाक मारली. टेबलाच्या टोकाशी ती बसली होती. समोर रिकामं ताट, फूल वर.

"मी ढकललं होतं," ती म्हणाली. "फिरवलं नव्हतं. ती उठली आणि मला पुढचा घास नको झाला. मी ताट असं पुढे ढकललं." तिने ते ढकललं. टेबलावर घासल्याचा आवाज झाला. "तिला ते फिरवल्यासारखं दिसलं असेल?"

"मला माहीत नाही."

"मग माहीत करून घे. तुझं कामच ते ना. बाहेर जा, ट्रायसिकल वळते तिथे उभी राहा. मी करीन ते बघ आणि येऊन सांग."

मी बाहेर गेले. कोपऱ्यावर जांभ्यासारख्या लाल मातीत चाकांचा वळसा उमटलेला होता, तिथे उभी राहिले. खिडकीची शिंपल्यांच्या तुकड्यांची तावदानं तिने बाजूला सरकवली होती. आत अंधार होता आणि अंधारात तिचा हात उजळ दिसत होता. हात हलला. थांबला. पुन्हा हलला. मी परत आले.

"पहिल्यांदा?"

"ढकललं."

"दुसऱ्यांदा?"

"फिरवलं."

"दोन्ही वेळा ढकललं," नानाय म्हणाली. "पुन्हा जा."

मी पुन्हा गेले. परत आले आणि म्हटलं, "मला सांगता येत नाही."

"नीट बघ."

"नीट बघितलं. तिथून फक्त हात दिसतो. ताट दिसतच नाही, खिडकीची खालची फळी आड येते. हात हलला एवढंच कळतं."

तिने ताटाकडे पाहिलं. "म्हणजे तिला ताट दिसलंच नाही."

"नाही."

"मग ते फिरताना कसं दिसलं?"

मी जे बघून आले होते त्यात ते नव्हतं.

नानाय उठली. "इथे बस," ती मला म्हणाली. "माझ्या जागी. आणि हात हलव." ती चपला न घालता बाहेर गेली. मी तिच्या खुर्चीवर बसून तिचं ताट कधी ढकललं, कधी फिरवलं. खिडकीतून मला ती कोपऱ्यावर उभी दिसत होती, लहानशी, हात कपाळावर धरून. ऊन होतं. मी खूप वेळ ताट हलवत राहिले, कारण तिने थांब म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पलंगपोस काढला आणि सगळ्या फळ्यांवर पांढरा रंग फासला. दारातली बाई गेली, माझे खांदे गेले, टेबल आणि ताटं गेली.

"वेडी झाली," बेलेन म्हणाली. "जत्रा तोंडावर आलीय."

"होऊ दे वेडी," मी म्हटलं. बेलेनने माझ्याकडे नवलाने पाहिलं. मी सहसा असं काही बोलत नसे.

मला पुन्हा उभं राहायला तिने बोलावलं नाही. रोज सकाळी ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची, परत यायची आणि काढत बसायची. जत्रेच्या आदल्या दिवशी चौघा जणांनी फळ्या उचलून हॉलमध्ये नेल्या.

चित्र बाहेरून होतं. रस्त्यावरून दिसावी तशी एक उघडी खिडकी, भिंतभर, आणि खिडकीच्या आत टेबलाभोवती बसलेल्या बायका. इस्का, बेलेन, भात लावणारी, धुणं धुणारी, एक म्हातारी. टोकाला मान खाली घातलेली बाई. खिडकीची फळी आड आल्यामुळे ताटं दिसत नव्हती. एकही निळं फूल नव्हतं. नुसते हात होते, प्रत्येकीचे पुढे झालेले, उजळ. पाय दिसत नसल्यामुळे तिने या वेळी हात मोठे काढले होते.

बायका बराच वेळ बघत राहिल्या. इस्का म्हणाली, "नाक बरं आलंय."

अध्यक्षबाई गोंधळल्या होत्या. "फार सुंदर," त्या म्हणाल्या. "पण ती निघालेली मुलगी? आधीच्या चित्रात होती ती. ती कुठेय?"

नानायने ओठ पुढे करून दाखवलं, चित्रासमोरच्या फरशीकडे, जिथे अध्यक्षबाई उभ्या होत्या तिथे. आपण मध्ये आलोय असं वाटून त्या घाईने बाजूला झाल्या. ती जागा रिकामी राहिली. मग तिथे कुणी उभं राहिलं नाही.

माझी मुदत ऑक्टोबरमध्ये संपली. निघायच्या सकाळी आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. नानायने माझ्यासाठी मी आवडतो म्हटलेल्या वाणाचा भात मुद्दाम मिळवला होता, थोडा चिकट, गार झाला तरी मऊ राहणारा. विमानतळाची गाडी ठरल्या वेळेआधी आली. मी ताटाकडे पाहिलं. निम्मा भात शिल्लक होता. सवयीने मी बसून राहिले.

"ऊठ," नानाय म्हणाली.

"सगळ्यांचं होऊ दे."

"ऊठ, कुमुद. विमान काय बेलेनचं जेवण होईपर्यंत थांबणार आहे?"

"माझं एवढ्यात होत नाही," बेलेन म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी बॅग उचलली. दोघींच्या पाया पडले. तिथे मोठ्यांचा हात घेऊन कपाळाला लावतात, तेही केलं. नानाय बसूनच राहिली, मान खाली घालून. मी बाहेर येऊन गाडीत बसले. कोपऱ्यावर गाडी वळायला हळू झाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. तावदानं उघडी होती. आत अंधार होता. तिचा हात हलला.

मी मुंबईला उतरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चिपळूणला पोचले. ओटीवर माती होती, स्वयंपाकघरात शेवग्याची पानं वाऱ्याने आत येऊन पडली होती. आईने मला पाणी दिलं आणि समोर बसली. मी तिला नानायबद्दल सांगितलं, रोवेनाबद्दल सांगितलं, ताटांची रीत सांगितली.

"आणि तू निघालीस तेव्हा?" आईने विचारलं. "फिरवलं त्यांनी?"

"हो."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं," मी म्हटलं.

आई उठली, दारामागची केरसुणी घेतली आणि ओटीवरून केर काढायला लागली.